गुहामानवाला किती मार्क?

१९८९ च्या डिसेंबरात जपानमध्ये एक टकलू पोरगा टीव्हीच्या पडद्यावर अवतरला. अंगावर कातडं, हातात काहीच नाही, आणि शस्त्र म्हणाल तर स्वतःचं अवाढव्य डोकं. समोर डायनासोर आला की हा त्याला टक्कर मारायचा. जपानमध्ये त्याच्या व्हिडिओ गेमचं नाव ‘पीसी गेन्जिन’, अमेरिकेत ‘बाँक्स अ‍ॅडव्हेंचर’, युरोपात ‘बी. सी. किड’. त्याच्यामागोमाग गुहामानवांची रांगच लागली. १९९१ या एका वर्षात जपानच्या डेटा ईस्टचा ‘जो अँड मॅक’ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रात, आला, इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइननं ‘चक रॉक’ काढला, फ्रान्सच्या टायटसनं ‘प्रीहिस्टोरिक’ आणि कोडमास्टर्सनं ‘बिग नोज द केव्हमन’. डायनासोर संपले त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली आणि माणूस त्यानंतर फार फार उशिरा आला, हे यातल्या एकाच्याही गावी नव्हतं. असायची गरजही नव्हती.

या खेळांबद्दल तेव्हाच्या समीक्षकांचं मत काय होतं, हे शोधायला गेलं की आज हाती लागतो तो बहुधा एक आकडा. अमुक मासिकात इतके टक्के, तमुक मासिकात दहापैकी आठ. आकडा दिसला की आपण लगेच ठरवून टाकतो, हा खेळ गाजला, तो पडला. पण त्या आकड्यात खेळ जितका असतो, जवळजवळ तितकंच ते मासिक असतं, ज्यावर तो खेळ चालतो ते यंत्र असतं, तो महिना असतो आणि खेळाची किंमतही असते. गुहामानवांचे खेळ हे समजून घ्यायला फार सोयीचे, कारण ते सगळे एकमेकांसारखेच होते आणि तरी प्रत्येकाचं नशीब वेगळं निघालं.

आधी खेळाचा प्रकार. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे उड्यांचा खेळ. पडद्यावर फळ्या, कडे, खड्डे. आपला गडी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत पुढे सरकतो, वाटेत येणाऱ्याला चुकवतो किंवा लोळवतो. मारिओ म्हटलं की आपल्याकडे कुणालाही कळेल. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’नंतर हा प्रकार इतका चालला की प्रत्येक कंपनीला आपापला मारिओ हवासा वाटू लागला. गुहामानव त्यासाठी सोपा पडायचा. चेहरा ठसठशीत, अंगावर कपडे कमी, म्हणजे थोड्या ठिपक्यांत काढता येतो; हातात सोटा; शत्रू म्हणून डायनासोर तयारच. गोष्ट सांगायची गरज नाही. बायको पळवली किंवा भूक लागली, एवढं पुरतं.

मार्क देणारे कोण होते?

तेव्हा इंटरनेट नव्हतं, म्हणून परीक्षण म्हणजे छापील मासिक. आणि मार्क द्यायची रीत प्रत्येक देशात निराळी.

जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’नं एक पद्धत रुळवली: एका खेळावर चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. ही मंडळी इतक्या हातचं राखून मार्क द्यायची की चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळायला १९९८ साल उजाडलं. तो मान ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ला मिळाला. अमेरिकेतल्या ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’नंही चार परीक्षकांचीच पद्धत घेतली. चार माणसं असण्याचा फायदा असा की त्यांचं आपसात पटलं नाही तर ते पानावर उघड दिसायचं. एकाचे नऊ आणि दुसऱ्याचे पाच असतील तर वाचकाला कळायचं की हा खेळ आवडला तर फार आवडेल, नाहीतर नाहीच. बेरजेत ही गोष्ट हरवते.

अमेरिकेतच ‘निन्टेन्डो पॉवर’ हे मासिक होतं, १९८८ पासून, आणि ते काढत होती खुद्द निन्टेन्डो. खेळ विकणाऱ्यानंच खेळांबद्दल छापलेलं मासिक! त्यात युक्त्या आणि नकाशे उत्तम असायचे. निष्पक्ष मताची अपेक्षा कुणी ठेवू नये.

ब्रिटनमध्ये टक्के. ‘क्रॅश’, ‘झॅप सिक्स्टीफोर’, मग १९९० पासून ‘मीन मशीन्स’, १९९१ पासून अमिगा या घरगुती संगणकाला वाहिलेलं ‘अमिगा पॉवर’. इथे एका खेळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला मार्क द्यायचे: मांडणी, चित्रं, आवाज, खेळायला कसा वाटतो, किती दिवस टिकेल, आणि शेवटी एकूण. गंमत म्हणजे हा एकूण आकडा वरच्या आकड्यांची सरासरी नसायचा. परीक्षक सगळं बघून तो वेगळा ठरवायचा. म्हणून चित्रांना नव्वद, आवाजाला पंच्याऐंशी आणि एकूण मात्र सत्तर असा प्रकार दिसला तर ती छपाईची चूक समजू नये. दिसायला देखणा, खेळायला बेतास बात, असं तो परीक्षक आकड्यांतून सांगतोय.

आता सत्तर टक्के म्हणजे किती? आपल्याकडे दहावीच्या निकालाचं जे झालं तेच तिथेही झालं होतं. एके काळी साठ टक्क्यांना पेढे वाटायचे, आता नव्वदवाल्याचाही चेहरा पडलेला असतो. ब्रिटिश मासिकांत हळूहळू सत्तरच्या आतला खेळ म्हणजे नापासच, असा समज झाला. नव्वदच्या वर गेला तरच दखल. ‘अमिगा पॉवर’नं याविरुद्ध मुद्दाम भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शंभराची पट्टी आहे, तर सामान्य खेळाला पन्नासच मिळाले पाहिजेत. त्यामुळे त्यांच्याकडचे साठ आणि शेजारच्या मासिकातले ऐंशी हे एकाच मताचे दोन आकडे असू शकतात. त्यांच्या या कडकपणामुळे काही कंपन्यांशी त्यांचं जाहीर वाजलंही. मासिकाची पानं ज्यांच्या जाहिरातींवर चालतात त्यांच्याच मालाला पन्नास टक्के द्यायचे, याला धाडस लागतं. ते धाडस सगळ्यांकडे नव्हतं, आणि जुनी परीक्षणं वाचताना मी तरी ही गोष्ट सतत मनात ठेवतो.

बाँकचं भाग्य

टकलू पोराकडे परत येऊ. हडसन सॉफ्टनं प्रकाशित केलेला हा खेळ रेड कंपनी आणि अ‍ॅटलस यांनी बनवला होता, एनईसीच्या पीसी इंजिन या यंत्रासाठी. हे पात्र मुळात पीसी इंजिनला वाहिलेल्या एका जपानी मासिकातल्या चित्रमालिकेतून आलं. म्हणजे ज्या वाचकांपुढे या खेळाचं परीक्षण जाणार होतं त्यांना हा पोरगा आधीच ओळखीचा होता, लाडकाही. अशा घरच्या मुलाला परकं परीक्षण मिळणं अवघडच.

अमेरिकेत हेच यंत्र टर्बोग्राफिक्स-१६ या नावानं १९८९ च्या ऑगस्टमध्ये उतरलं. त्याच महिन्यात सेगाचं जेनेसिसही उतरलं, आणि निन्टेन्डो तर घराघरात ठाण मांडून बसलं होतं. टर्बोग्राफिक्सबरोबर जो खेळ फुकट मिळायचा, ‘कीथ करेज’, त्यानं कुणाची झोप उडवली नाही. यंत्र चांगलं होतं, पण त्याला चेहरा नव्हता. १९९० मध्ये बाँक आला आणि तो चेहरा मिळाला. त्याचं स्वागत चांगलं झालं ते या पार्श्वभूमीवर. परीक्षकासमोर दोन प्रश्न एकदम होते: खेळ कसा आहे, आणि हे यंत्र घेण्याजोगं आहे का. बाँकमुळे दुसऱ्या प्रश्नाला काहीतरी उत्तर मिळत होतं, म्हणून पहिल्याचं उत्तरही जरा खुल्या मनानं दिलं गेलं.

यानं खेळाचं श्रेय कमी होत नाही. नुसत्या उड्या मारून भागणार नाही हे त्याच्या कर्त्यांना कळलं होतं. बाँक जमिनीवरून टक्कर मारतो, हवेतून डोकं खाली करून सूर मारतो, आणि कड्यावर चढायचं तर दात रोवून चढतो. मांस खाल्लं की त्याचा पारा चढतो; पहिल्यांदा नुसता तापतो, दुसऱ्यांदा इतका खवळतो की थोडा वेळ कुणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. हवेत असताना बटण भराभर दाबलं की तो गोल गोल फिरत तरंगत जातो. अमेरिकेतल्या यंत्राच्या पॅडवर बटण आपोआप भराभर दाबण्याची कळ होतीच, त्यामुळे ज्यानं ती कळ सरकवली त्याच्यासाठी अर्धा खेळ सोपा. एका टप्प्यात तर तो चक्क डायनासोरच्या पोटात शिरतो. विनोद गोष्टीत नाही, त्याच्या हालचालीत आणि चेहऱ्यावर आहे, आणि तो भाषा न येणाऱ्यालाही कळतो.

महिना कसा महत्त्वाचा ठरतो तेही इथेच दिसतं. जपानमध्ये बाँक आला तेव्हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ येऊन वर्ष उलटलं होतं आणि ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ यायला वर्ष बाकी होतं. मधल्या मोकळ्या मैदानात तो धावला. अमेरिकेत मात्र मारिओचा तिसरा भाग फेब्रुवारी १९९० मध्ये विक्रीला आला, म्हणजे तिथल्या परीक्षकाच्या हाताला मारिओची चव ताजी होती. तरी सेगाचा सॉनिक यायला अजून अवकाश होता. तो जून १९९१ चा. सॉनिकनंतर उड्यांच्या खेळाकडे बघायची नजरच बदलली. वेग हा नवा निकष झाला. सोटा घेऊन तुरुतुरु चालणारे गुहामानव एका रात्रीत संथ वाटू लागले, त्यांच्यात काडीचा बदल झालेला नसताना.

युरोपात आणखी वेगळी तऱ्हा. तिथे पीसी इंजिन रीतसर नीट पोहोचलंच नाही. ब्रिटिश मासिकांनी या यंत्राचे खेळ तपासले ते जपानहून आयात केलेल्या प्रतींवर. जो माणूस जास्तीचे पैसे मोजून परदेशी यंत्र मागवतो तो आधीच प्रेमात असतो. त्याच्यासाठी लिहिणाराही बहुधा त्यातलाच. बाकीच्या युरोपला हा पोरगा भेटला १९९२ मध्ये, अमिगावर, जर्मनीच्या फॅक्टर ५ नं केलेल्या रूपात. तोवर तीन वर्षं झाली होती, पण अमिगाच्या वाचकाला तो नवाच होता.

चक रॉक: पोटाचा धक्का

कोअर डिझाइनचा चक हा बाँकचा चुलतभाऊ शोभावा. फक्त हा डोक्याऐवजी पोट वापरतो. ढेरीचा धक्का देऊन डायनासोर उडवतो, दगड उचलून फेकतो, आणि तोच दगड खाली ठेवून पायरीसारखा वापरतो. जड दगड घेतला की पावलंही जड होतात. बायको ऑफिलिया, तिला पळवणारा गॅरी ग्रिटर. सुरुवातीलाच मंडळी बँड वाजवताना दिसतात. विनोद इंग्रजी पबमधला, ढेकर-ढुंगण छापाचा.

चक आधी अमिगा आणि अटारी एसटी या घरगुती संगणकांवर आला, आणि तिथल्या मासिकांनी त्याच्या कार्टूनसारख्या मोठ्या, रंगीत चित्रांना आणि विनोदाला दाद दिली. इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. अमिगाच्या जॉयस्टिकला त्या काळी साधारण एकच बटण असायचं. ते धक्का मारायला खर्ची पडलं की उडीसाठी दांडा वर ढकलायचा. संगणकावर खेळणाऱ्याला याची सवय होती, त्याला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. मेगा ड्राइव्हच्या, म्हणजे अमेरिकेत जेनेसिस म्हणायचे त्याच सेगाच्या यंत्राच्या, पॅडवर तीन बटणं. तिथला खेळाडू उडीसाठी बटण धरूनच चालणार. एकच खेळ दोन हातांना दोन प्रकारे लागतो, आणि ‘खेळायला कसा वाटतो’ या रकान्यातला आकडा त्यावर हलतो.

मग किंमत. ब्रिटनमध्ये अमिगाचा नवा खेळ साधारण २५ पौंडांना मिळायचा, मेगा ड्राइव्हची कार्ट्रिज ४० पौंडांच्या घरात. चक रॉकमध्ये टप्पे पाच. २५ पौंडांत पाच टप्पे आणि ४० पौंडांत पाच टप्पे यांचा हिशोब परीक्षक वेगळा मांडणारच, कारण त्याचा वाचक शाळकरी मुलगा होता आणि वर्षाला त्याच्या वाट्याला चार-पाच खेळ यायचे. ‘किती दिवस टिकेल’ हा रकाना आपल्याला आज विचित्र वाटतो. तेव्हा तो सगळ्यात प्रामाणिक रकाना होता. शिवाय मेगा ड्राइव्हवर चकच्या शेजारी सॉनिक उभा. अमिगावर तो शेजारी नव्हता.

कोअर डिझाइननं पुढे १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ काढून जग हलवलं. त्यामुळे आज चक रॉकवर लिहिणारे त्यात मोठ्या कंपनीची चाहूल शोधतात. १९९१ च्या परीक्षकाला तो एक ढेरपोट्या गुहामानव होता, बस.

‘जो अँड मॅक’चं थोडक्यात सांगतो. तो जन्मला आर्केडमध्ये, दोघांनी मिळून खेळायला. तिथे खेळाची परीक्षा नाण्यांच्या पेटीत होते. घरच्या सुपर निन्टेन्डोवर आणताना त्याला नकाशा जोडला गेला, कारण तिथे एकदा पैसे भरून महिनाभर खेळायचं असतं. आर्केडमध्ये दहा मिनिटांची जी धमाल गुण ठरते तीच घरी ‘लवकर संपतो’ अशी तक्रार बनते.

परीक्षण पानावर येईपर्यंत

मासिकाचा अंक दुकानात यायच्या काही आठवडे आधी छापायला जायचा. त्याच्या आधी परीक्षण लिहायचं, त्याच्या आधी खेळायचं. म्हणून कितीतरी वेळा परीक्षकाच्या हाती यायची ती अर्धवट प्रत: एखादा टप्पा नसलेली, कुठे आवाज नसलेली. कंपनी म्हणायची, हे शेवटी नीट होईल. काही मासिकं त्यावर भरवसा ठेवून मार्क द्यायची. ‘अमिगा पॉवर’चा नियम होता की पूर्ण खेळ हातात आल्याशिवाय परीक्षण नाही. त्यामुळे त्यांचं मत कधी इतरांपेक्षा उशिरा यायचं. धंद्याच्या दृष्टीनं तोटाच.

पानावरची चित्रंसुद्धा बऱ्याचदा अंधारात टीव्हीसमोर कॅमेरा लावून काढलेली असत. ज्या खेळातली चित्रं मोठी आणि ठसठशीत, तो पानावर उठून दिसायचा. गुहामानवांची मोठाली डोकी इथे कामी आली असणार असा माझा अंदाज आहे.

एक उलटं उदाहरणही द्यायला हवं. टायटसचा ‘प्रीहिस्टोरिक २’ १९९३ मध्ये आला, आणि तो अमस्ट्रॅड सीपीसी या संगणकावरही आला. हे यंत्र १९८४ चं. १९९३ मध्ये ते जवळजवळ निकालात निघालं होतं. त्यावर पडद्यावरचं दृश्य सफाईनं सरकवणं हीच मोठी अडचण, आणि या खेळानं ते करून दाखवलं. त्या यंत्राच्या निष्ठावंतांनी त्याला डोक्यावर घेतलं, आजही त्या संगणकावरच्या उत्तम उड्यांच्या खेळांत त्याचं नाव निघतं. त्याच वर्षी सुपर निन्टेन्डो असणाऱ्या मुलानं तो बघितला असता तर जांभई दिली असती. दोघंही बरोबर. सीपीसीचा परीक्षक ‘या यंत्रावर हे शक्य आहे?’ हे मोजत होता.

आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत टीव्ही-गेम आला तो निन्टेन्डोच्या नकलेच्या रूपात, आणि कार्ट्रिजला सगळे कॅसेट म्हणायचे. त्या बहु-खेळी कॅसेटींत हडसनचाच १९८६ चा ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ हमखास असायचा: कमरेला पालापाचोळा, हातात दगडी कुऱ्हाड, भूक लागली की मरणारा गडी. गुहामानव म्हणून आपल्या पिढीला ठाऊक असलेला बहुधा हाच. त्याला जपानी वा अमेरिकी मासिकांनी किती मार्क दिले याची कुणाला पर्वा नव्हती. समीक्षक म्हणजे वरच्या मजल्यावरचा दादा, नाहीतर कॅसेट बदलून देणारा दुकानदार. ‘यात मारिओ आहे का?’ हा एकच निकष. लंडनमधल्या मासिकाचा निकषही फार वेगळा नव्हता म्हणा.

पुढे २००६ च्या शेवटी निन्टेन्डोच्या वी यंत्रावर जुने खेळ विकत मिळू लागले, तेव्हा बाँक पुन्हा परीक्षकांसमोर आला. आता किंमत ६०० पॉइंट, म्हणजे अमेरिकेत सहा डॉलर. एकेकाळी यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवणारा खेळ आता दुपारच्या फावल्या वेळेचा सौदा झाला होता, आणि परीक्षणंही त्याच सुरात लिहिली गेली: अजून मजा येते, थोडा छोटा आहे, पण या पैशांत तक्रार कशाला. हे आकडे आणि १९९० चे आकडे एका रांगेत मांडून सरासरी काढणारे लोक आहेत. ती सरासरी कशाचीच नसते.

याच बाँकचं एक रूप जुन्या निन्टेन्डोवरही आलं होतं. जपानमध्ये १९९३ ला, अमेरिकेत १९९४ च्या सुरुवातीला. तोवर ते यंत्र मावळत होतं. लोक सुपर निन्टेन्डो आणि जेनेसिसकडे गेले होते, मासिकांची पानंही तिकडेच. खेळ तसा चांगला उतरवला होता, पण प्रती थोड्या खपल्या. आज संग्राहक त्या कार्ट्रिजसाठी घसघशीत रक्कम मोजतात, ती दुर्मीळ आहे म्हणून.